वर ठेवलेलं पाणी

एप्रिल अर्धा सरला की डोंबिवलीत दुपारी रस्त्यावर कुत्री आणि कुरिअरवाले एवढेच उरतात. कुत्री पार्क केलेल्या गाड्यांखाली आणि कुरिअरवाले आमच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या गार पायरीवर. नळाचं पाणी असं तापून येतं की भांड्याला हात लावताना दचकायला होतं. अशाच एका दुपारी मी लॅबमधून जेवायला घरी आले, आणि दारातून आत पाऊल टाकायच्या आधी मला वास आला. शेंगदाणा तेलाचा, पण तळणीचा नव्हे. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन गरम पाणी आणि सोडा घालून खळखळून धुतला की एक खवट, कोमट वास सुटतो आणि तो संध्याकाळपर्यंत मोरी सोडत नाही. मधे कितीतरी उन्हाळे गेले, पण हा वास मी झोपेतही ओळखेन. मोरीत तीन कॅन उलटे घालून ठेवले होते. माझी मुलगी केतकी त्या दिवशी घरून काम करत होती, आणि काम सोडून चौथ्या कॅनमध्ये ब्रश फिरवत बसली होती.

"कोणाकडून आणलेस?" मी विचारलं.

"खालच्या काकूंकडून दोन, शेजारून दोन. अजून लागतील."

"किती जण जाताय?"

"सहा. आणि पम्याकाका खालपर्यंत गाडी घेऊन येतोय." मग ब्रश थांबवून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आई, बाबाचीच रांग आहे. मी तुला सांगणारच होते गं."

मी हात धुतले आणि कुकर उघडला. आमटी गरम करायची राहिली ती राहिलीच.

केतकीचा बाबा म्हणजे माझा नवरा शेखर. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो मशीनची ड्रॉइंग करायचा आणि अकरा महिने शहाण्यासारखा वागायचा. मे महिना आला की त्याच्या आणि त्याच्या शाळासोबत्यांच्या अंगात यायचं. मुरबाडच्या पुढे घाटमाथ्याची जी रांग दिसते, तिच्या कडेकडेने चार-पाच दिवस चालायचं, तंबू ठोकून वरच राहायचं, आणि भलत्याच एखाद्या गावात उतरून काळेठिक्कर होऊन घरी यायचं. पावसाळ्यात सगळं गाव डोंगरावर जातं, थंडीत तिथे स्पीकर वाजतात, उन्हाळ्यात मात्र डोंगर आमच्या एकट्याचा असतो, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, उन्हाळ्यात तिथे कोणी का जात नाही याचा एकदा शांतपणे विचार कर. त्यावर तो हसायचा आणि करवंदं आणीन म्हणायचा. आणायचाही, पण घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा झालेला असायचा.

तयारी महिनाभर चाले आणि ती आमच्याच घरात, कारण गच्चीची किल्ली आमच्याकडे. तंबू गच्चीवर उभे करून त्यांची भोकं शोधायची. इमारतीतली पोरं त्यात भातुकली मांडून बसायची आणि मग निघायला तयार व्हायची नाहीत. जुन्या चादरीवर चिरलेला कांदा वाळत पडलेला. खोबरं, लसूण, तिखट भाजून कुटून कोरडं वाटण डब्यात. दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगलेला, त्याला एकेकाची सॅक अडकवायची आणि मग भांडणं. "स्टोव्ह माझ्याकडे आहे ना, मग तांदूळ तू घे." "अरे, तंबूचे दांडे कोण तुझा सासरा उचलणार का?" लग्नाच्या रुखवतालाही एवढी मांडामांड नसते, असं मी बोलून दाखवायचे आणि त्यांच्यासाठी गूळपापडीच्या वड्या थापायचे. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडायचे. घर भरलेलं असायचं, आणि शेखर मोठ्याने बोलायचा. एरवी तो कधी मोठ्याने बोलत नसे.

पण खरी तयारी पाण्याची. वर कातळात खोदलेली जुनी टाकी आहेत, ती वैशाखात तळ दाखवतात. झरे तर होळीलाच जातात. चार-पाच दिवसांचं पाणी पाठीवर घेऊन कोणी चालू शकत नाही. म्हणून ही मंडळी मोहिमेच्या आधीच्या रविवारी दोघा-दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी वर जायची, सॅकमध्ये भरलेले कॅन घेऊन. रांगेवर जिथे जिथे मुक्काम असेल, तिथे ते कॅन करवंदीच्या जाळीत खोल सारायचे, माकडांना दिसू नयेत म्हणून वर दगड आणि पाला टाकायचा, फांदीला एक चिंधी बांधायची आणि रिकाम्या पाठीने खाली यायचं. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ना, ते माझ्या नवऱ्याने जरा जास्तच मनावर घेतलं होतं. कॅन धुण्याचं काम माझं. पाणी उकळून, गार करून, तुरटी फिरवून भरायचं कामही माझंच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जायचा.

एक नियमही होता. तो कोणी केला, कधी केला, कोणाला सांगता यायचं नाही. पाणी ठेवायला जाणाऱ्याने आपली प्यायची बाटली वेगळी न्यायची. कॅनमधलं पाणी वरचं. ते सगळ्यांचं. त्याला वाटेत हात लावायचा नाही.

शेखर मला पहिल्यांदा भेटला तो लॅबमध्येच. नोकरी लागताना तपासण्या करतात, त्यासाठी उपाशीपोटी रक्त द्यायला आला होता. दुपार होत आली होती, आणि हा सकाळपासून बाकावर बसून. त्याच्यामागून आलेले सगळे पुढे गेले, कारण एकीकडे लहान मूल होतं, दुसरीकडे म्हातारं माणूस, तिसऱ्याला घाई होती. मी सुई काढली आणि हा खुर्चीतून सरळ खाली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "सॉरी, तुमचा ट्रे सांडला का?" मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "नको नको, आत्ताच प्यायलोय," म्हणाला. मी म्हटलं, "अहो, आत्ता तुम्ही जमिनीवर पडला होतात, पाणी कधी प्यायलात?" तेव्हा तो लाजला आणि अर्धा ग्लास प्यायला. पूर्ण नाही, अर्धाच. मला त्याचं हसू आलं, आणि पुढे त्या हसण्याचं लग्न झालं.

हे नको म्हणणं त्याला घरून मिळालं होतं. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. डोंबिवलीत दोन खोल्यांत पाच माणसं, शिवाय गावाकडून आला-गेला. अशा घरात पुरवठ्याला यावं म्हणून माणसांना वळण लावावं लागतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पहिल्यांदा विचारलं तर नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं, आणि तेही अर्धं. घरात बिस्किटांचा पुडा असला आणि "ते ठेवलंय" असं एकदा कानावर पडलं, की तो पुडा मुलांच्या दृष्टीने भिंतीचा भाग झाला. कोणासाठी ठेवलंय, कधीपर्यंत ठेवलंय, विचारायचं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्या स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायच्या आणि भाजी संपली असली तर ताकाशी भात कालवायच्या. पण भीड भिकेची बहीण असं उगाच म्हणत नाहीत, आणि आमच्या घरात ती नुसती भीक मागून थांबली नाही.

त्या वर्षी केतकी बारावीला होती. परीक्षा संपली होती, निकाल यायचा होता, आणि ती दिवसभर गच्चीवरच्या तंबूत पडून मोबाईल बघायची. उन्हाळा फार कडक होता. लॅबमध्ये रोज कोणीतरी चक्कर येऊन पडायचं. दुपारी केरोसीनच्या ज्योतीवर दिसते तशी हवा रस्त्यावर थरथरायची. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. शेखर म्हणाला, "अगं, सगळं ठरलंय. सगळ्यांनी रजा टाकल्यात." सगळ्यांनी रजा टाकल्यात म्हटल्यावर विषय संपला. स्वतःच्या एकट्याच्या हौसेसाठी तो गेला नसता, हे मी आजही खात्रीने सांगते.

रविवारी पहाटे तो आणि प्रमोद गेले. प्रमोद म्हणजे केतकीचा पम्याकाका, शेखरचा पहिलीपासूनचा दोस्त, बडबड्या, जाडा, पहिल्या आग्रहाला दोन घास जास्त खाणारा. पुढचं सगळं मला प्रमोदनेच सांगितलंय, आणि ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की आता वाटेतले दगडही मला माहीत झालेत.

अर्ध्या चढावर प्रमोदच्या पायात गोळे आले. उठता येईना. त्याची बाटली तोवर संपली होती. शेखरने त्याला आपली बाटली दिली. जवळजवळ भरलेली होती. मग प्रमोदच्या सॅकमधले कॅन काढून आपल्या सॅकमध्ये घातले, जे मावले नाहीत ते दोरीने बाहेर बांधले, आणि म्हणाला, "तू हळूहळू उतर आणि पाड्यात सावलीला बस. मी ठेवून येतो." प्रमोदने बाटली घेतली. "वहिनी, मला वाटलं त्याच्या पाठीवर एवढं पाणी आहे," हे वाक्य तो माझ्यासमोर कितीदा बोलला असेल. कुठल्याही शहाण्या माणसाला तसंच वाटलं असतं. वाटायलाच हवं होतं.

शेखर वर गेला. ठरलेल्या ठिकाणी सगळे कॅन नीट ठेवले, दगड लावले, चिंध्या बांधल्या. एकाही कॅनचं बूच उघडलं नाही. उन्हं कलल्यावर तो उतरताना दिसला तेव्हा झोकांड्या खात होता. प्रमोदने हाक मारली तर त्याला ओळखलं नाही. कातडी तव्यासारखी गरम आणि कोरडी, आणि तोंडाने ऑफिसातलं काहीतरी, ड्रॉइंग उद्या देतो, उद्या नक्की देतो. पाड्यातल्या माणसांनी त्याच्यावर घागरी ओतल्या आणि जीपमध्ये घातलं. त्यांच्या घरात ते पाणी किती लांबून आलेलं असतं, हे प्रमोदने मला नंतर सांगितलं. मुरबाडचा रस्ता मोकळा होता. शहाडच्या पुलावर मात्र रोजच्यासारखी गाड्यांची रांग लागलेली, लग्नसराईतला रविवार, कोणाच्या तरी वरातीची बस आडवी. तिथे ती जीप उभी राहिली, आणि प्रमोद टपावर चढून लोकांना शिव्या घालत होता.

कल्याणच्या हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा त्याला आत नेलं होतं. पुढचे दिवस मी कागद वाचत काढले. दुसऱ्यांच्या बायका डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात, मी रिपोर्टकडे बघत होते. क्रिएटिनिन कसं चढतं ते मला सांगावं लागलं नाही. लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहासारखं चमचाभर काहीतरी होतं आणि नंतर तेही नव्हतं. उन्हाने मांस वितळवलं होतं आणि मूत्रपिंडांनी काम टाकलं होतं, डायलिसिस लावलं तरी आकडे उतरेनात. ज्या नमुन्यांवर मी रोज नावं चिकटवते, तसल्याच नळीवर त्याचं नाव होतं.

मधेच तो शुद्धीवर आला. प्रमोद शेजारी होता. शेखर त्याला म्हणाला, "दुसऱ्या मुक्कामाचे कॅन थोडे डावीकडे ठेवलेत. उजवीकडे मुंग्या होत्या."

प्रमोद बाहेर निघून गेला. मी वाकून विचारलं, "शेखर, तू प्यायला का नाहीस रे? एवढं पाणी होतं पाठीवर."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अगदी बाळबोध विचारलंय. "ते ठेवायचं होतं ना," म्हणाला.

मग त्याने पाणी मागितलं. स्पष्ट, खणखणीत. "मला पाणी दे." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण कशाच्याही आधी "जमलं तर", "तू उठणारच असशील तर" असं न लावता त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि मला देता येईना. मूत्रपिंडं बंद असली की शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते फुप्फुसात चढतं. पाणी मोजून द्यायचं असतं, आणि त्याचं मोजकं पाणी सलाईनमधून आधीच गेलेलं होतं. मी कापसाचा बोळा ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. तो बोळा त्याने दातांत धरला. सोडेना. सिस्टर म्हणाल्या, "अहो मॅडम, नका, चोखतायत ते." मला तो बोळा त्याच्या दातांतून ओढून काढावा लागला. शेवटपर्यंत तो पाणी मागत होता, आणि शेवटी चमच्याने घातलं तेव्हा ते गालावरून खाली आलं.

लोकांना वाटतं मी प्रमोदवर रागावले असेन. प्रमोदने बाटली घेतली यात त्याचं काय चुकलं? तहान लागली, मिळालं, प्यायला. जिवंत माणसं असंच करतात. माझा राग शेखरवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. माणसं दारूने जातात, रागाने जातात, हावरटपणाने जातात, त्यांच्यावर चिडता तरी येतं. हा सभ्यपणाने गेला. तिसऱ्यांदा आग्रह करणारं डोंगरावर कोणी नव्हतं. त्याच्या तेराव्याला आलेला प्रत्येक जण सांगत होता, किती भिडस्त माणूस, कधी कोणाला त्रास दिला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे कौतुक नाही, हे मरणाचं कारण आहे, दाखल्यावर लिहा. लिहिलं मात्र उष्माघात.

त्या वर्षी रांग झाली नाही. कॅन वरच राहिले. दिवाळीनंतर प्रमोद म्हणाला, वहिनी, मी जाऊन खाली आणतो. मी म्हटलं, राहू देत. कोणा तहानलेल्याला सापडले असतील तर चांगलंच झालं, नाहीतर माकडांनी चावून फोडले असतील. मला त्यांचं काही करायचं नव्हतं.

आणि आता केतकी. ती घोडबंदर रोडला एका कंपनीत आहे, चांगलं कमावते, आणि बोलायला माझ्यावर गेलीय, फटकळ. मला वाटायचं सगळीच माझ्यावर गेलीय. तिने रांगेचं काढलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. बापाची वाट चालावीशी वाटते, तर कोणत्या तोंडाने अडवायची? नियमही बदललाय, असं तिने मला दोनदा सांगितलं. "पम्याकाकाने ग्रुपवर स्पष्ट टाकलंय. ज्याला तहान लागेल त्याने कुठलंही पाणी प्यायचं. कॅन फोडायचा, काही विचारायचं नाही. आणि प्रत्येकाकडे दोन बाटल्या, मीठ-साखर, टोपी, सगळं. आम्ही काय येडे आहोत का?" मी ऐकून घेतलं. ऐकायला बरं वाटलं.

तिच्या मैत्रिणीचा फ्लॅट घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये आहे. चढाची सवय व्हावी म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या पोरी सॅकमध्ये भरलेले कॅन घालून तिथला जिना चढायच्या. एकदा मीही गेले. मी लिफ्टने वर, त्या जिन्याने. आग लागली तर थांबायला वरच्या एका मजल्यावर मोकळी जागा सोडलेली असते, तिथे मी कठड्याला टेकून उभी होते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचा वाळलेला, तांबूस डोंगर, आणि खाली रस्त्यावर गाड्यांची न हलणारी रांग. ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून भाजत होत्या.

केतकी सगळ्यांत आधी वर आली. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. भिंतीला टेकून धापा टाकत होती. बाजूच्या कप्प्यातली बाटली तिने उलटी केली, दोन थेंब पडले.

"पी की पाठीवरचं," मी म्हटलं.

"नको गं, खाली गाडीत आहे बाटली."

"अगं, खाली जाईपर्यंत कशाला? दहा लिटर पाणी आहे तुझ्या पाठीवर."

"ते वजनासाठी आहे आई. ठीक आहे मी. उतरल्यावर पिते ना."

किती साधं उत्तर. दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर लक्षातही आलं नसतं. मी मात्र तिथेच फरशीवर बसले. ज्या मुलीला मी हट्टाने, सासूबाईंशी भांडून, पहिल्या विचारण्याला हो म्हणायला शिकवलं, पाहुण्यांच्या आधी लाडू दिला, तिच्यातही ते होतं. शिकवून येत नाही आणि शिकवून जात नाही. ग्रुपवर टाकलेला नियम तिने वाचला होता, दुसऱ्यांना समजावून सांगितला होता, आणि घसा कोरडा पडला तेव्हा तिला तो आठवलाही नाही.

"तू जायचं नाहीस," मी म्हटलं.

"काय?"

"रांगेला जायचं नाही. संपलं."

"बाबामुळे ना? मला माहीतच होतं तू शेवटी हेच..."

"बाबामुळे नाही. आत्ता जे बोललीस त्यामुळे."

तिला कळलं नाही. मी समजावलं तर म्हणाली, "तू प्रत्येक गोष्टीत बाबा बघतेस. मला खरंच एवढी तहान नव्हती." मग लिफ्टने खाली आलो आणि गाडीत बसल्या बसल्या तिने अख्खी बाटली एका दमात संपवली, तीही गरम.

पुढचे काही दिवस घरात आम्ही दोघी नुसत्या भांड्यांशी आणि फोनशी बोलत होतो. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलीला नाही म्हणून थांबवता येत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती कॅन जमवत राहिली. कांदा गच्चीत वाळत राहिला. एका संध्याकाळी मी पातेलं चढवलं आणि पाणी उकळायला ठेवलं. तिने बघितलं आणि दुसरा गॅस पेटवला. गार झाल्यावर मी तुरटी फिरवली आणि एकेक कॅन काठोकाठ भरून गॅलरीत ओळीने ठेवला. मला भीती वाटत होती. तिने ते ओळखलं. मला ते लपवायचंही नव्हतं.

पाणी वर ठेवायला जायचा रविवार आला. उजाडायच्या बेताला प्रमोदचा फोन आला, खाली गाडी लावलीय, उतरा. केतकी दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. सॅक उघडी होती, कॅन अजून गॅलरीत. मी पाटावर बसले, पहिल्या कॅनचं बूच फिरवलं, दोन्ही हातांनी तो उचलला आणि तोंडाला लावला.

आमच्याकडे भांडं तोंडाला लावून कोणी पीत नाही. वरून पितात. पाच-सात जणांत एक बाटली फिरते, तिला तर कोणी ओठ टेकवायची कल्पनाही करणार नाही. मी चांगले ओठ टेकवले, कॅनचं तोंड ओठांत धरलं, घोट घेतला, थोडं पाणी अंगावर सांडलं. बूच लावलं, कॅन बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

"आई! काय करतेयस?"

"उष्टं करतेय."

"अगं, सगळ्यांचं आहे ते पाणी!"

"होतं. आता माझं उष्टं आहे." मी तिसरा उघडला. "उष्टं कोणासाठी ठेवत नाहीत. कोणाला देत नाहीत. ते ज्याचं त्यानेच, नाहीतर त्याच्या घरच्यांनी संपवायचं असतं. तुझ्या आजीनेसुद्धा कधी ठेवलं नसतं."

"आता मी बाकीच्यांना काय सांगू?"

"सांग, आईने तोंड लावलंय. ज्यांना चालत नसेल त्यांनी आपापलं न्यावं."

ती उठून गॅलरीत आली. मला वाटलं हातातून कॅन ओढून घेईल. मग तिने ओळीकडे बघितलं, माझ्या ओल्या गाऊनकडे बघितलं, आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. नाडी अर्धीच बांधलेली होती. खाली प्रमोदने गाडी बंद केल्याचा आवाज आला.

शेवटच्या कॅनला तोंड लावलं तेव्हा माझं पोट डबडबलं होतं आणि मी रडत होते. तो मी तिच्यापुढे धरला.

"मला आत्ता तहान नाही गं," ती हळू म्हणाली.

"मी तहान विचारली नाही. पी."

तिने कॅन घेतला. सवयीने मान मागे टाकून वरून धरायला गेली. मी तिचा हात खाली केला. तिने ओठ टेकवले आणि प्यायली. तिचा गळा वरखाली होताना मी बघत होते. कॅन खाली ठेवून तिने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"आणखी," मी म्हटलं.